त्रेचाळीस मार्कांची गोष्ट

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी दोघातिघांनी विचारलं, "काय रे, ब्लॉग बंद केलास की काय?" बंद नाही केला. आळस, दुसरं काही नाही. पण दिवाळीत घरात एक प्रकार घडला आणि तेव्हापासून एक विषय डोक्यात घोळतोय. लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. चहा घेऊन बसा.

तर झालं असं. भाऊबीजेला नवीन पनवेलला ताईकडे गेलो होतो. (ती माझ्याहून धाकटी, पण घरात सगळे तिला ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो.) ओवाळून झालं, फराळाच्या बशा आल्या, तरी भाचा काही बाहेर येईना. एरवी मामा आला की पहिला दारात हजर असणारा मुलगा.

"आत आहे," ताई म्हणाली. "मोबाईल काढून घेतलाय, म्हणून तोंड पाडून बसलाय."

मग तिनं कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. कॉलेजात कुणाच्या तरी प्रकल्पासाठी मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. वीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच मार्क. खाली बेरीज ४३ आणि तिच्यापुढे निळ्या शाईत दोन शब्द: 'सौम्य व्यसन'.

"व्यसन, दादा! आपल्या घरात कुणी कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही."

आमचे वडील रोज तपकीर ओढायचे, हे ती विसरली असावी. पण भाऊबीजेच्या दिवशी वाद कुठे घालायचा? मोबाईल कपाटात कुलपात, परीक्षा होईपर्यंत, असा निकाल लागला होता. मी दोन्ही बाजूंना पटेल अशी मान हलवली आणि चकली खाल्ली. मामाचं काम तेवढंच असतं अशा वेळी.

पण परत येताना तो आकडा काही डोक्यातून जाईना. ताप मोजला आणि १०१ आला तर काय ते कळतं. वजन, साखर, रक्तदाब, सगळ्यांचे आकडे आपल्याला पाठ आहेत. पण नेटच्या व्यसनाचे त्रेचाळीस? ते कशात मोजायचे आणि ही पट्टी बनवली कुणी? घरी आलो आणि रात्री दोनपर्यंत हेच वाचत बसलो. (नेटवरच. हसू नका.)

आधी जरा मागे जाऊ. आपल्याकडे सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमनं सुरू केलं तेव्हा. तेव्हा नेट तासांच्या हिशोबानं विकत घ्यायचं असे. विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातलं वेगळं खातं होतं, पण त्यावर नुसती अक्षरं दिसायची, चित्रं नाहीत. मोडेम किंचाळायचा आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. आत्याचा मुंबईहून फोन लागला नाही की दुसऱ्या दिवशी बोलणी मी खायचो.

१९९८ साली हार्बर लाईनची लोकल पनवेलपर्यंत आली आणि त्यानंतर एकदोन वर्षांत स्टेशनच्या आसपास, एसटी स्टँडच्या बाजूला सायबर कॅफे उगवले. प्लायवुडचे खोके, त्यावर पडदा, गल्ल्यावर बसलेला पोरगा आणि त्याच्यापुढे वही: कोण किती वाजता बसला, किती वाजता उठला. अर्धा तास, एक तास. खिशात पैसे असतील तितकंच नेट. म्हणजे बघा, त्या काळी नेट मोजायला मानसशास्त्रज्ञाची गरजच नव्हती. ते काम गल्ल्यावरचा पोरगा करत होता.

हे मीटर पार गेलं २०१६ मध्ये. ५ सप्टेंबरला जिओ आलं, सुरुवातीला तर फुकटच. महिन्याभरात, १ ऑक्टोबरला, आपल्या पनवेलची महानगरपालिका झाली. गावात मोठी बातमी कुठली, तर पालिकेची. पण पोरांच्या आयुष्यातला मोठा बदल कुठला, हे आता विचारलं तर उत्तर वेगळं येईल. तास संपायचे बंद झाले. आणि जी गोष्ट आपोआप संपत नाही ती 'किती' हे ठरवायला मग कुणीतरी बाहेरचा लागतो.

पण ही प्रश्नावली त्याच्याही पुष्कळ आधीची. आणि तिच्या जन्माच्या आधी आहे एक विनोद. खोटं नाही सांगत.

१९९५ साली न्यूयॉर्कचे एक मानसोपचारतज्ज्ञ, आयव्हन गोल्डबर्ग, यांनी इंटरनेटवर एक टिपण टाकलं. अमेरिकेत मानसिक आजारांची जी अधिकृत यादी असते, डीएसएम, तिची चौथी आवृत्ती नुकतीच, १९९४ मध्ये आली होती. रोज नवनवे आजार आणि त्यांच्या लक्षणांच्या याद्या, याची गोल्डबर्गना चेष्टा करायची होती. म्हणून त्यांनी अगदी त्याच सरकारी थाटात 'इंटरनेट व्यसन विकार' नावाचा आजार रचला. लक्षणं काय? नेटची स्वप्नं पडणं. आणि माणूस कळत-नकळत बोटांनी टाईप केल्यासारख्या हालचाली करतो, हेसुद्धा!

गंमत म्हणून लिहिलं खरं, पण लोक हसण्याऐवजी त्यांना कळवू लागले, "डॉक्टर, मला हे झालंय." विनोद करणाऱ्याला पेशंट भेटले. गोल्डबर्ग स्वतः शेवटपर्यंत या आजाराबद्दल साशंकच राहिले. पण मला राहून राहून वाटतं, ज्यांनी कळवलं त्यांची तरी काय चूक? त्रास खरा होता. त्याला नाव नव्हतं एवढंच.

साधारण त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या छोट्या गावात एक तरुण मानसशास्त्रज्ञ हाच विषय गंभीरपणे घेत होती. किंबर्ली यंग. तिच्या मैत्रिणीचा नवरा आठवड्याला चाळीस, पन्नास, साठ तास चॅट रूममध्ये घालवत होता, आणि तेव्हा एका तासाला २.९५ डॉलर पडत. पैसे गेले आणि लग्नही मोडलं. यंगला प्रश्न पडला, हा एकटाच असा आहे की आणखीही आहेत?

आता शोधायचं तर आजाराची व्याख्या हवी. ती आणायची कुठून? दारूसारखा कुठला पदार्थ तर इथे पोटात जात नाही. म्हणून तिनं डीएसएममधले जुगाराच्या व्यसनाचे निकष घेतले आणि त्यावरून आठ प्रश्न तयार केले. आठांपैकी पाचांना 'हो' म्हटलं की माणूस नेटवर अवलंबून.

हे वाचताना मला आपली जुनी माणसं आठवली. कौटिल्यानं अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवरच लिहिलंय. वासनेतून येणारी चार व्यसनं तो सांगतो: मृगया, द्यूत, स्त्री आणि मद्यपान. म्हणजे द्यूत आपल्याकडे दारूच्या पंक्तीला दोन हजार वर्षांपासून बसलेलं आहे. युधिष्ठिराला काही पाजावं लागलं नव्हतं. यंगनं जुगारावरून नेट मोजायचं ठरवलं ते आपल्याला तसं परकं वाटू नये. आणि याच अधिकरणातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. संस्कृतात 'व्यसन' या शब्दाचे अर्थ दोन. एक, वाईट सवय. दुसरा, संकट. कौटिल्य राज्यावर आलेल्या आपत्तीलाही व्यसनच म्हणतो.

असो. यंगनं १९९६ मध्ये टोरांटोच्या परिषदेत आपलं काम मांडलं आणि १९९८ मध्ये ते छापून आलं. ३९६ जण 'अवलंबून' निघाले, १०० जण नाहीत. पहिल्या गटातले आठवड्याला सरासरी ३८.५ तास नेटवर, दुसऱ्यातले ४.९ तास. आकडे बघून कुणीही दचकेल. पण ही माणसं आली कुठून? वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, कॉलेजांमध्ये लावलेली पत्रकं, नेटच्या व्यसनावरच चर्चा करणारे गट, आणि सर्च इंजिनवर 'इंटरनेट' किंवा 'व्यसन' असे शब्द शोधणारे लोक. म्हणजे दवाखान्याच्या दारात उभं राहून गावात आजारी किती ते मोजण्यासारखं झालं. असा त्रास असतो, हे त्यातून नक्की कळलं. किती जणांना असतो, ते नाही कळलं.

त्याच वर्षी यंगनं आपल्या पुस्तकात वीस प्रश्नांची नवी चाचणी दिली. हीच ती, भाच्याच्या हातात आलेली. ठरवल्यापेक्षा जास्त वेळ नेटवर राहता का, घरची कामं टाळता का, झोप मोडते का, कुणी मध्ये बोललं तर खेकसता का, अशा धाटणीचे प्रश्न. एक प्रश्न असाही की, दुसरं काम करायच्या आधी ईमेल बघता का! आताच्या पोरांना हा प्रश्न म्हणजे 'टपाल पेटी बघता का' असं विचारल्यासारखं. ईमेल बघतच नाहीत ती, हीच प्राध्यापकांची तक्रार असते.

बेरजेचा अर्थ यंगनं असा दिला: २० ते ४९ म्हणजे सर्वसाधारण वापरणारा, ५० ते ७९ म्हणजे वारंवार अडचणी येणारा, ८० च्या वर म्हणजे गंभीर. वाचलंत? २० ते ४९ सर्वसाधारण. मग आमचे ४३?

थांबा, तिकडे येतोच. मध्ये विद्यार्थ्यांचं सांगायचं राहिलं. या सगळ्या इतिहासात मोजले गेलेले बहुतेक लोक विद्यार्थी आहेत. कारण साधं आहे. संशोधन करतात प्राध्यापक, आणि त्यांच्यासमोर वर्गात आयती बसलेली असतात मुलं. शिवाय नव्वदच्या दशकात अमेरिकेत फुकट आणि भरपूर नेट मिळायचं ते विद्यापीठांतच. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या नेट वापरणाऱ्या विद्यार्थ्यांत १३ टक्के अवलंबून निघाले. २००० मध्ये मोराहान-मार्टिन आणि शूमाकर यांनी २७७ विद्यार्थी पाहिले, त्यांत ८.१ टक्के. मोजायच्या पट्ट्या वेगवेगळ्या, म्हणून आकडेही वेगवेगळे.

आणि ती वीस प्रश्नांची चाचणी भरवशाची आहे का, याची पहिली शास्त्रीय तपासणी प्रसिद्ध झाली २००४ मध्ये. विद्यांतो आणि मॅकमरन यांची, ८६ लोकांवर. तोवर ती जगभर वापरात आली होती. आधी वजनं वाटली आणि सहा वर्षांनी काटा तपासला, असा हा प्रकार. तपासणीत त्यांना दिसलं की हे वीस प्रश्न एकच गोष्ट मोजत नाहीत, त्यांचे सहा वेगवेगळे गट पडतात. हेही लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे येऊ. भारतातलं सुरुवातीचं काम २००३ मधलं, नलवा आणि आनंद यांचं, सोळा ते अठरा वर्षांच्या शंभर मुलांवर. जी मुलं अवलंबून निघाली ती कामं पुढे ढकलत होती, रात्री जागत होती, आणि नेटशिवाय आयुष्य कंटाळवाणं होईल असं सांगत होती.

मग महाराष्ट्रातले दोन अभ्यास. पहिला मुंबईतला, २०१३ मध्ये छापून आलेला. नायर रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांचा: दीपक गोयल, अलका सुब्रमण्यम आणि रवींद्र कामत. त्यांनी ९८७ मुलामुलींना यंगची चाचणी दिली. वयं साधारण अकरावी-बारावीची. यंगच्याच निकषानं व्यसनी किती? ०.७ टक्के. म्हणजे हजारात सात. ७४.५ टक्के मुलं सर्वसाधारण वापरणारी.

दुसरा पुण्यातला, २०१५ मधला. वैद्यकीय महाविद्यालयातले २८२ विद्यार्थी, चाचणी तीच. नेटचं व्यसन किती जणांना? ५८.८७ टक्के!

मी दोनदा वाचलं. एक्स्प्रेसवेनं मुंबईहून पुण्याला जायला तीन तास लागतात. एवढ्या अंतरात हजारात सातचे शंभरात एकोणसाठ कसे होतील? पनवेल तर बरोबर मधे. आमच्याकडे मग किती धरायचे?

उत्तर त्या ५८.८७ च्या आतच आहे. त्यातले ५१.४२ टक्के 'सौम्य' आणि ७.४५ टक्के 'मध्यम'. बेरीज करून बघा, तिथेच पूर्ण होते. गंभीर गटाला काही उरतच नाही. म्हणजे सगळ्यात वरची रेघ धरली, तर पुण्याचा आकडा मुंबईपेक्षाही कमी येईल: शून्य. झालं असं की पुढच्या काळात या चाचणीची दुसरी वाटणी रूढ झाली. ३० पर्यंत ठीक, ३१ ते ४९ 'सौम्य', ५० ते ७९ 'मध्यम', ८० पासून 'गंभीर'. म्हणजे यंगच्या त्या वाटणीत जो ४३ मार्कांचा माणूस सर्वसाधारण होता, तोच नव्या वाटणीत सौम्य व्यसनी झाला. रेघ खाली सरकली होती, माणूस होता तिथेच होता.

दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत, आणि दोघांनी आपापले गट स्वच्छ लिहून दिलेत. मुलं वेगळी, वयं वेगळी, हेही खरंच. पण बातमी होते ती एका आकड्याची. 'निम्म्याहून अधिक भावी डॉक्टर व्यसनी' आणि 'हजारात फक्त सात', दोन्ही छापता येतं.

इथे जरा वाट वाकडी करतो, पण फार नाही. ताईच्या घराकडे जाताना नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय लागतं. आपल्यातले किती तरी जण त्यावरून रोज जात असतील. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी ही संस्था. तिची मुळं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आहेत. तिथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेनं नाजूक उपकरणं बिघडणार, म्हणून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी नवी वेधशाळा आपल्या अलिबागला बांधली. बांधकामात लोखंड येऊ नये म्हणून पोरबंदरी दगड वापरला.

पण मला भावली ती पुढची गोष्ट. अलिबाग तयार झाल्यावर त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६, दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. का? तर तिकडचा आकडा इकडच्या आकड्याला कसा जुळवायचा ते कळावं म्हणून. ते झाल्यावरच कुलाब्याची जागा अलिबागनं घेतली. ट्राम धावली १९०७ मध्ये. म्हणूनच कुलाबा आणि अलिबागची मिळून एकच सलग नोंद आजही जगात मानानं वापरली जाते.

चुंबकाची सुई दोन ठिकाणी वेगळं बोलते म्हणून माणसं दोन वर्षं थांबली. आणि इथे पोराच्या कपाळावर 'व्यसनी' लिहायला कुणी दोन मिनिटंही थांबलं नाही. कुठली वाटणी, कुठली रेघ, काही न विचारता निळ्या शाईनं लिहून मोकळे. ताईचं सोडा. तिला कोण सांगणार होतं?

एवढं सगळं जमवून मी पुढच्या रविवारी छाती काढून ताईकडे गेलो. मनात भाषण तयार. ४३ म्हणजे व्यसन नव्हे, यंगच्या वाटणीप्रमाणे सर्वसाधारण, मोबाईल देऊन टाक. जिंकल्यातच जमा होतो मी.

म्हटलं, आधी तो कागद पुन्हा दाखव. भाषणाला पुरावा हवा ना. आणि या वेळी मी बेरजेच्या वर पाहिलं. वीसच्या वीस उत्तरं वाचली.

अठरा प्रश्नांपुढे एक किंवा दोन. एखादा शिक्षक आळसानं टिका करत जाईल तशी एकसारखी उत्तरं. फक्त दोन ठिकाणी पाच. एक, रात्री उशिरापर्यंत जागण्यानं झोप मोडते का. दुसरा, मनाला त्रास देणारे विचार दूर ठेवायला नेटचा आधार घेता का. त्या पाचाभोवती त्यानं पेननं दोनदा गोल केला होता.

माझं भाषण तिथेच संपलं.

ताईला काही बोललो नाही. भाच्याला म्हटलं, "चल रे, वडाळे तलावावर एक चक्कर मारून येऊ." बाईकवर मागे बसला. तलावाच्या कडेला बराच वेळ आम्ही दोघं नुसते बसलो. मग मी विचारलं, "तो दहावा प्रश्न. गोल का केलास?"

आधी म्हणाला, "कुठला?" मग म्हणाला, "मामा, तू आईला सांगशील." मग हळूहळू बाहेर आलं. मागच्या सेमिस्टरला दोन विषयांत केटी लागली होती. घरी सांगितलंच नव्हतं. फी भरताना बाबांचा चेहरा बघितला होता त्यानं, म्हणे. रात्री डोळे मिटले की तेच. म्हणून मोबाईल. तीन-तीन वाजेपर्यंत काहीही बघत राहायचं, डोकं बंद होईपर्यंत. "आणि आता मोबाईल नाही तर?" विचारलं. "आता पंख्याकडे बघतो," म्हणाला.

मंडळी, हा एवढा एक प्रसंग लिहायला मी हा सगळा इतिहास लिहिला, खरं सांगायचं तर.

त्या प्रश्नावलीनं काम चोख केलं होतं. ज्या मुलाला घरात सांगता येत नव्हतं, त्यानं एका परक्या कागदाला सांगितलं, आणि वर गोल करून सांगितलं. मुंबईच्या त्या अभ्यासातही हेच आहे: नेटचा अति वापर करणाऱ्या मुलांमध्ये चिंता आणि नैराश्याचे आकडे जास्त होते. आधी काय आणि मागून काय, ते एकदाच भरलेल्या प्रश्नावलीतून कळत नाही. नेटमुळे मन बिघडतं की बिघडलेलं मन नेटकडे पळतं? त्याला विचारावंच लागतं. पण आम्ही काय केलं? सगळी उत्तरं एका बेरजेत ओतली. घरची कामं टाळण्याचा एक आणि नको ते विचार टाळण्याचा पाच, दोन्ही एकाच पिशवीत. ताई त्या बेरजेला घाबरली आणि मी त्या बेरजेशी भांडायला निघालो. वरची उत्तरं दोघांनीही वाचली नव्हती. मी तर 'सर्वसाधारण' म्हणून शाबासकी देऊन त्याला आणखी एकटं पाडणार होतो.

पट्टी गर्दी मोजायला बनवली जाते. हजार मुलांत किती जणांकडे लक्ष द्यायला हवं, हे तिनं सांगावं. पण एका मुलापुढे बसलं की मग पट्टी बाजूला ठेवून प्रश्न विचारायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात गेमिंगचा विकार आहे, सरसकट इंटरनेटच्या व्यसनाचा मात्र नाही. आणि त्या विकारातही तासांची मर्यादा दिलेली नाही. ताबा सुटलाय का, बाकी आयुष्याचं नुकसान होत असूनही ते सुटत नाहीये का, आणि हे साधारण वर्षभर चाललंय का, हे बघायला सांगितलंय. म्हणजे शेवटी डॉक्टरलाही त्या माणसाची गोष्ट ऐकूनच घ्यावी लागते.

पुढे काय झालं ते नातेवाईक मंडळींना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगतो. (भाच्याला विचारून लिहितोय. "लिही, पण नाव नको" म्हणाला.) त्या संध्याकाळी त्यानंच आईला सांगितलं, मी फक्त शेजारी बसलो. ताईनं आधी आवाज चढवला, मग रडली, मग माझ्यावर चिडली, मग सगळ्यांना पिठलं-भात वाढला. झोपेसाठी एका डॉक्टरांकडे गेले, तिथून समुपदेशकाकडे. एक केटी सुटली, एक अजून आहे. मोबाईल कपाटातून बाहेर आलाय, पण रात्री अकराला हॉलमध्ये चार्जिंगला लागतो. सगळ्यांचाच, ताईचासुद्धा. तिचा व्हॉट्सॅप तिला कुणी मोजायला सांगितला नव्हता ना आजवर!

हो, आणि मीही ती चाचणी भरली. आजच्यासाठी आली ३४. मग गंमत म्हणून २००६ सालचा मी आठवून भरली. बरहा वापरून मराठी टाईप करायला नुकतंच शिकलो होतो, रात्री जागून लिहायचो, आणि कुणी वाचलं का ते बघायला पहाटे उठायचो. जेवताना हाक मारली की ओरडायचो. बेरीज ६१. म्हणजे नव्याजुन्या कुठल्याही रेघेनं पाहिलं तरी गडबड होती, आणि तेव्हा ओळख झालेल्या तुम्हा बऱ्याच जणांची काही वेगळी नसणार :)

तेव्हा मला कुणी प्रश्नावली दिली नव्हती. दिली असती तर दहाव्या प्रश्नापुढे मी काय लिहिलं असतं? त्या वर्षी वडील गेले होते. तपकिरीची डबी अजून टेबलावरच होती, आणि रात्री लिहीत बसलं की ती दिसायची नाही.

व्यसन म्हणजे सवय, आणि व्यसन म्हणजे संकट. कौटिल्याला दोन्हींना एकच शब्द पुरला. आपल्याला आता त्यातला एकच अर्थ आठवतो.

तुमच्या घरात असा कुठला कागद आला असेल, तर बेरजेच्या आधी वरचे वीस आकडे वाचा. आणि कुठे गोल दिसला, तर तलावावर एक चक्कर मारून या.